हिरेकेरीचा जुना रस्ता

अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या रविवारी हेमावती शिंत्रे हुबळीहून धारवाडला निघाली ती फक्त एक जुनी मोटरसायकल बघून यायला. दुपारच्या जेवणाला परत येते, असं घरी सांगूनच ती बसमध्ये चढली होती.

गोकुळ रोडवर तिचं गॅरेज होतं. वडलांनी, म्हणजे शंकर शिंत्र्यांनी, कमरीपेठेतल्या एका बोळात सुरू केलेलं काम ते गेल्यावर तिनं या मोठ्या जागेत आणलं. बाई गाड्या दुरुस्त करते म्हटल्यावर सुरुवातीला लोक दारातूनच विचारायचे, "मालक कुठं गेलेत?" आणि मालक समोर पाना घेऊन उभी आहे हे कळल्यावर गाडी ढकलत परत न्यायचे. आता बेळगाव-दावणगेरीहून माणसं टेम्पोत घालून जुन्या गाड्या तिच्याकडं आणत होती. लढाईच्या काळातल्या, ज्यांचा एक स्क्रूही बाजारात मिळत नाही, असल्या गाड्या. हेमावतीला आपल्या हातांचा अभिमान होता आणि तो लपवायचं तिला कधी सुचलं नाही.

पत्र आलं होतं माळमड्डीच्या बाळाचार्य हुकेरीकरांचं. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. अक्षर थरथरतं, पण मजकूर नेमका: 'तीन कारागिरांनी परत केलेली एक गाडी आहे. आपण चौथ्या व्हाल की शेवटच्या, ते येऊन पाहावे.'

एवढं वाचून हेमावती गेली नसती तरच नवल.

मास्तर ओट्यावर वाटच बघत बसले होते. सत्तरी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. पावलांच्या आवाजावरून ते उठून उभे राहिले.

"या हो, या. शंकररावांची मुलगी ना? चहा नंतर घेऊ. आधी गाडी बघा."

परसात गवत ठेवायच्या खोलीत, ताडपत्रीखाली ती उभी होती. बीएसए, पाचशे सीसी, एकाच सिलिंडरची. मिलिटरीच्या लिलावातली. हेमावतीनं ताडपत्री ओढली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. रंग उडालेला, टायर विरलेले, चाकाच्या तारा गंजलेल्या. पण अंग कसं सरळ होतं. कुठं पोचा नाही, कुठं वाक नाही. जणू कुणीतरी रात्रीपुरती उभी करून ठेवलेली.

"माझ्या धाकट्या भावाची," मास्तर म्हणाले. "प्रभंजनची."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सन अठ्ठावन्न, जानेवारी महिना. प्रभंजन आणि त्याचे तीन मित्र, चौघांनी पैज लावली. हुबळीहून पहाटे निघायचं आणि कलघटगीला कोण आधी पोचतो ते बघायचं. बाळाचार्य आदल्या दिवशीच कलघटगीला जाऊन थांबले होते, निकाल सांगायला घरचा माणूस हवा म्हणून. आदल्याच वर्षी हिरेकेरीच्या तलावाचा बांध उंच केला होता. जुना रस्ता पाण्यात गेला होता आणि नवा रस्ता बांधावरून काढला होता.

"धुकं इतकं होतं, स्वतःचा हात दिसत नव्हता. आधी एक गाडी आली. जोरात. माझ्या अगदी जवळनं गेली. मला वाटलं, आपला प्रभंजनच. मी टाळ्या वाजवल्या. पण गाडी थांबलीच नाही हो... तशीच पुढं गेली. मग ते तिघं आले. म्हणाले, 'प्रभंजन आमच्या पुढं होता, आणि त्याच्याही पुढं अजून एक गाडी होती.' मी विचारलं, अरे, चौघंच ना रे तुम्ही?"

हेमावतीनं हँडलवरची धूळ अंगठ्यानं पुसली.

"गाडी मिळाली हिरेकेरीच्या काठावर. जुना रस्ता पाण्यात उतरतो तिथं. पडलेली नव्हती. स्टँडवर नीट उभी. पेट्रोलचा कॉक बंद केलेला. आठ दिवस पाणी शोधलं. माणूस मिळाला नाही."

चाचपत गाडीच्या टाकीवर हात ठेवून ते म्हणाले, "डोळे आता गेलेच म्हणायचे. गाडी बघायची आशा नाही. एकदा कानानं ऐकायचीय. आणि येत्या जानेवारीत तुमच्या हुबळीच्या जुन्या गाड्यांच्या क्लबवाल्यांची शर्यत त्याच रस्त्यानं आहे म्हणे. अर्धी राहिलीय ती तिनं पुरी करावी."

"त्या तीन कारागिरांनी का परत केली?"

"दोघांनी काही सांगितलं नाही. तिसरा म्हणाला, 'इंजिन चांगलं आहे मास्तर, पण त्याचे ठोके माझ्याच्यानं मोजवत नाहीत.'"

हेमावती हसली. ज्याला ठोके मोजता येत नाहीत त्यानं पान्याला हात लावू नये, असं तिचे वडील म्हणायचे. त्याच दिवशी दुपारी तिनं गाडी टेम्पोत चढवली.

गॅरेजमध्ये तिच्या हाताखाली रामू होता. साठीचा, वडलांच्या वेळेपासूनचा मेस्त्री. सगळे त्याला रामूअण्णा म्हणत. त्यानं इंजिनाच्या पोटातला ऑइलचा बोल्ट सोडला, खाली पत्र्याचं घमेलं धरलं. तीस वर्षांचं काळं, डांबरासारखं तेल पडेल म्हणून दोघंही वाकून बघत होती.

पडलं पाणी. स्वच्छ, गार पाणी. घमेलं भरलं, तरी धार चालूच. आणि सगळ्या गॅरेजभर एकदम वास सुटला, तलावाच्या गाळाचा, शेवाळाचा.

रामूअण्णा मागं सरकला. "ब्याड अक्का, ब्याड," तो हळूच म्हणाला. "नको हे. तीस वर्षं कोरड्या खोलीत उभी होती म्हणता... मग पाणी कुठनं?"

"पाणी आहे अण्णा, रक्त नाही. कुठनं तरी शिरलं असेल."

"मग गंज कुठाय?"

तिनं सिलिंडर उतरवला. आत पिस्टन आरशासारखा लखलखत होता. तिनं त्यात स्वतःचं तोंड पाहिलं, पुसलं, आणि कामाला लागली.

चार महिने ती त्या गाडीशी झुंजली. चाकाच्या तारा एकेक करून नव्या ओवल्या. मॅग्नेटोचं वेटोळं स्वतः गुंडाळलं, तीनदा जळलं, चौथ्यांदा ठिणगी पडली. गिअरची बुशं मिळेनात, तेव्हा लेथवर पितळेची कातली. वाल्व हातानं घासून घासून असे बसवले की वर रॉकेल ओतलं तर रात्रभरात थेंब खाली उतरला नाही. टाकीला हिरवा रंग दिला आणि त्यावर सोनेरी रेघ ओढली, ती दम रोखून, हात न उचलता. डिसेंबर सरता सरता गाडी उभी राहिली, तेव्हा शेजारच्या कारखान्यातले कामगार जेवणाची सुट्टी टाकून बघायला आले. रामूअण्णा कुणालाही जवळ येऊ देईना. "दुरूनच बघा. आमच्या अक्कानं केलीय," म्हणे.

पहिली किक मारायच्या दिवशी बाळाचार्य आले. त्यांना स्टुलावर बसवलं. हेमावतीनं दोनदा नुसतीच किक फिरवली आणि तिसऱ्यांदा अंगाचा भार टाकून मारली.

धप्. धप्. धप्. धप्.

पत्रे थरथरले. एका सिलिंडरच्या गाडीचा तो संथ, भरदार आवाज. मास्तरांच्या गालावरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. रामूअण्णानं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. जुने मेस्त्री असंच इंजिनाचं पोट ऐकतात. बराच वेळ त्यानं ऐकलं. मग डोळे उघडून हेमावतीकडं पाहिलं आणि बाजूला झाला.

तिनं गाडी बंद केली.

धप्.

बंद झाल्यावर एक ठोका. चाक हललं नाही, नळीतून धूर आला नाही. भिंतीपलीकडून यावा तसा, जरा लांबून, एकच ठोका.

"दोन आहेत," मास्तर म्हणाले.

"काय दोन?"

"गाड्या. एक इथं आहे. एक... जरा मागं आहे."

"पत्र्यांचा घुमारा आहे तो मास्तर," हेमावती म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिनं पत्र्यांखाली दुसऱ्या चार गाड्या चालू करून बंद केल्या. घुमारा आला नाही.

जानेवारीतल्या त्या सकाळी कारवार रस्त्याच्या तोंडाशी अठरा गाड्या जमल्या. हेमावतीच्या गाडीला सात नंबर मिळाला. क्लबचा सेक्रेटरी श्रीकांत, दाजीबानपेठेतल्या कापडवाल्यांचा मुलगा, स्वतःची ट्रायम्फ मोटरसायकल घेऊन आला होता. तो गाडीभोवती फिरला, वाकून सोनेरी रेघ पाहिली आणि टोपी काढली.

"गाडी अशी मी बघितली नाही बाई. चालवणार कोण?"

"जिनं बांधली ती."

"रस्त्यात धुकं आहे हं. हिरेकेरीच्या अंगाला तर फार आहे म्हणायलेत."

"मग माझा मागचा लाल दिवा बघत या," हेमावती म्हणाली. भोवतालचे लोक हसले आणि श्रीकांतही मनापासून हसला.

उजाडताना शिट्टी झाली. पहिल्या दोन मैलांतच तिनं सगळ्यांना मागं टाकलं. गाडी अशी पळत होती की हेमावतीला हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसू आलं. तिनं कातलेली बुशं, तिनं ओवलेल्या तारा, तिनं घासलेले वाल्व, सगळं तिला तळव्यांत, मांड्यांत, दातांत कळत होतं. कुठं खडखड नाही, कुठं कुरकुर नाही. अप्पा, बघा की, असं ती मनात वडलांना म्हणाली.

दहाव्या मैलापुढं धुकं लागलं. आधी झाडांचे शेंडे गेले, मग झाडं गेली, मग रस्त्याच्या कडा. हवेत गारवा आला आणि त्याबरोबर तो वास. गाळाचा, शेवाळाचा. तलाव अजून दीड मैल लांब होता.

तेव्हा तिला मागून आवाज आला. धप्-धप्-धप्.

श्रीकांत, असं तिला वाटलं. पण ट्रायम्फ दोन सिलिंडरची, तिचा आवाज सलग, फाडत जाणारा. हा एका सिलिंडरचा होता. ठोक्याला ठोका लावून, अर्धा ठोका मागं. तिनं ॲक्सिलरेटर सोडला, तोही उतरला. तिनं पिळला, तोही चढला. वळून बघितलं. मागं पांढरं धुकं, दुसरं काही नाही.

"घुमाराच आहे," ती स्वतःशी म्हणाली. पण मोकळ्या माळावर घुमारा कुठून येणार?

आवाज जवळ आला. उजव्या अंगाला आला. तिच्या उजव्या गुडघ्याला थंडी लागली, उघड्या दारातून लागावी तशी. तिला मान वळवायची नव्हती... पण वळवली. धुक्यात एक काळसर आकार तिच्याबरोबर पळत होता. पुढचं चाक, वाकलेली पाठ. आणि बघता बघता तो आकार सहज, अगदी सहज, तिच्या पुढं गेला. जाताना त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

भीती नंतर आली. आधी आला तो राग. माझ्या गाडीला मागं टाकून कोण जातो? चार महिने रक्त आटवून बांधलेल्या गाडीला? तिनं दात आवळले आणि गाडी होती नव्हती तेवढी पळवली. पुढं एक बारीक लाल दिवा दिसत होता. तो ना लांब जात होता, ना जवळ येत होता. एवढाच पुढं, की वाटावं, अजून थोडं, अजून थोडं पिळलं की गाठला. तिला दुसरं काही दिसेना. दिवा डावीकडं वळला, ती डावीकडं वळली. दिवा उतरू लागला, ती उतरू लागली. रस्ता खडबडीत कसा झाला, खाली गवत कुठून आलं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

आणि इंजिनातून आवाज आला. टिक्.

बारीक. दुसऱ्या कुणाला ऐकूसुद्धा आला नसता. वाल्व तापून तो उचलणाऱ्या टॅपेटनं तक्रार केली होती. हेमावतीचा हात तिच्या मनाला न विचारता ॲक्सिलरेटरवरून सुटला. बाळ रडलं की झोपेतल्या आईचा हात जातो, तसा. तिनं ब्रेक दाबला. गाडी घसरली, सावरली, थांबली.

पुढच्या चाकाला पाणी लागत होतं.

ती जुन्या रस्त्यावर उभी होती. समोर डांबराचा पट्टा सरळ तलावात उतरत गेला होता. आणि त्या पट्ट्यावर, पाण्याच्या आत जिथं माणूस गळ्यापर्यंत बुडेल तिथं, तो लाल दिवा पाण्यावर थांबला होता. पाणी हलत नव्हतं. दिवा वाट बघत होता.

कुणी बोललं नाही, हाक मारली नाही. पण तिला अगदी स्वच्छ कळलं की आता काय करायचं. गाडी स्टँडवर लावायची. कॉक बंद करायचा. खाली उतरायचं, आणि चालत जाऊन बघायचं, की आपल्याला मागं टाकणारा आहे तरी कोण. एवढंच. यात भिण्यासारखं काय आहे... तिचा डावा हात टाकीखाली गेला. कॉक बोटांना लागला. प्रभंजनची बोटं इथंच होती.

धप्. धप्. धप्. धप्.

तिची गाडी जागेवर उभी राहून चालत होती. संथ, एकसारखी. बाळाचार्यांच्या गालावरून पाणी ओघळलं होतं तो आवाज. ज्याच्यासाठी तीन कारागिरांनी हात टेकले होते आणि तिनं चार महिने रात्रीचा दिवस केला होता, तो आवाज. तो बंद करायला बोट वळेना. तिनं जोर केला, तरी वळेना. इतक्या सुंदर चालणाऱ्या इंजिनाला आपल्या हातानं गप्प करायचं, हे त्या हातांना ठाऊकच नव्हतं.

"नाही," हेमावती म्हणाली. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. "तू जा पुढं. हरले मी. जा."

तिनं पायांनी रेटत रेटत गाडी वळवली. पाठ तलावाकडं झाली. पण तिनं वळून पाहिलं नाही. चढ चढून बांधावर, नव्या रस्त्यावर येईपर्यंत ती आपल्या गाडीचे ठोके मोठ्यानं मोजत होती. एक, दोन, तीन, चार. जिथं चुकलं तिथून पुन्हा एकपासून.

कलघटगीला धुकं विरळ होतं. गावाच्या अलीकडं पांढरी रेघ ओढली होती. तिथं टेबल मांडून सुशीलाबाई कट्टी बसल्या होत्या. हायस्कुलात ड्रिल शिकवणाऱ्या, हातात स्टॉपवॉच, काटेकोर बाई. शेजारी खुर्चीत बाळाचार्य आणि त्यांचा हात धरून रामूअण्णा.

हेमावती रेघेवर आली तसे मास्तर ताडकन् उठले. त्यांनी रामूअण्णाचा हात सोडला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागले.

"ही! ही आपली! मघाशी गेली ती नव्हे रामू, मी म्हणालो ना? ऐक, ऐक ठोका. एकच आहे आता. आमच्या प्रभंजनची गाडी आली हो! शर्यत पुरी केली!"

गावातले लोकही टाळ्या वाजवू लागले. रामूअण्णा टाकीवर हात फिरवत उभा राहिला. हेमावती गाडीवर ताठ बसली होती.

श्रीकांत धावत आला. "मान्य बाई! पूर्ण वाट तुमचा लाल दिवा बघत आलो, गाठता आलं नाही. पण रेघ ओलांडून पुढं कुठं गेलात? आणि आता परत मागनं कशा?" त्याच्या हातात बक्षिसाची पितळेची ढाल होती, ती त्यानं पुढं केली.

हेमावतीनं ढालीकडं पाहिलं. चकचकीत होती. घेतली असती तर कुणी काही म्हटलं नसतं.

"मी आत्ता आले, श्रीकांतअण्णा," ती म्हणाली. "माझ्या पुढं किती आले?"

"मी धरून तिघं... म्हणजे तुम्हाला सोडून दोघं, नाही, पण..."

"आधी गेली ती मी नव्हे. आत्ता कितवी येते ते लिहा. माझी गाडी जिथं आली तिथंच तिचं नाव पाहिजे."

ती टेबलापाशी गेली. मास्तर मागं अजून रामूअण्णाला इंजिनाचं कौतुक सांगत होते आणि रामूअण्णा "हौद्री, हौद्री" म्हणत होकारार्थी मान डोलवत होता. सुशीलाबाईंनी कागद पुढं सरकवला. पहिल्या ओळीत सात नंबर होता, वेळेसकट, आणि त्यावर लाल शाईची आडवी रेघ.

"तुमचं प्रामाणिकपण मी लिहून ठेवते," सुशीलाबाई म्हणाल्या. "पण तसाही तो नंबर मी आधीच बाद केला होता. नियम माहीत आहे ना? मागं माणूस बसवायचा नाही."

"मागं?" हेमावतीनं विचारलं. "मागं कोण होतं?"

सुशीलाबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. त्या थट्टा करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"तुम्हीच होता की हो. पुढं चालवणारा कोण ते कळलं नाही. पण तुम्ही वळून मागं बघत होता, तोंड चांगलं दिसलं मला." त्यांनी हेमावतीच्या खाकी कोटाची बाही चिमटीत धरली, दाबून पाहिली, पुन्हा पाहिली. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"पण तेव्हा तर डोक्यापासून पायापर्यंत चिंब भिजलेल्या होता... इतक्यात वाळलात कशा?"